लिहिणारा कुणाच्या बांधावर उभा आहे?



ज्वारीचा भाव पडला की वर्तमानपत्र लिहिते, ‘दिलासा’. चढला की ‘महागाईचा भडका’. दिलासा कुणाला? विकत घेणाऱ्याला. लेखक स्वतःला तटस्थ म्हणवतो, पण त्या एका शब्दावरून त्याची बाजू कळते.

जोतीराव फुल्यांनी अशी लपवाछपवी केली नाही. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी शूद्र शेतकऱ्याची बाजू उघड घेतली. पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त छापून आली, पुढची छापायला संपादक कचरले, आणि तेही सत्यशोधकच! जोतीराव थांबले नाहीत. पुस्तक लिहिता लिहिता त्यांनी ते जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी लोकांना वाचून दाखवले. ज्यांच्याबद्दल लिहिले, तेच पहिले पारखी.

नेसरीचा असो की विदर्भातला, लिहिणाऱ्या पोराने पहिल्याच ओळीत ‘आम्ही शेतकरी’ म्हणावे. मग बियाणे, खत, मजुरी आणि हाती पडलेला भाव यांचा चोख हिशेब मांडावा. आणि छापण्याआधी पारावर वाचून दाखवावे. बाजू घेणे म्हणजे खोटे लिहिणे नव्हे. बाजू लपवणे हेच खोटे.