कॉपी-पेस्टला 'रियूज' म्हणू नका!

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आता एक गंमत करून बघा. त्याआधीचा कुठलाही वेब प्रोजेक्ट उघडा आणि त्यात 'अहमदनगर' सर्च करा. नोंदणीचा फॉर्म, शोधाचं पान, रिपोर्टचं हेडिंग... किती ठिकाणी सापडतं ते मोजा. एकाच ठिकाणी सापडलं तर तो प्रोजेक्ट लिहिणाऱ्याला माझा नमस्कार. वीस ठिकाणी सापडलं तर काय समजायचं ते समजा!

आपल्याकडे 'कोड रियूज केला' याचा अर्थ फार सोपा असतो. सीनियरच्या पेनड्राइव्हमधून फोल्डर घ्यायचं, रंग बदलायचा, टायटल बदलायचं की झालं. पण ही तर जर्नल उतरवण्याचीच पद्धत झाली. एकच कोड दहा पानांनी वापरला आणि एका दुरुस्तीत दहाही पानं सुधारली, तर तो पुनर्वापर. नक्कल केली की कोडच्या दहा प्रती होतात आणि चूकही दहा ठिकाणी जाऊन बसते.

साधा तालुक्यांचा ड्रॉपडाऊन घ्या. आपल्या जिल्ह्यात तालुके १४. ते प्रत्येक पानावर हाताने टाइप केले, तर कुठेतरी शेवगाव राहून जाणार, कुठेतरी नेवासा दोनदा येणार. त्यापुढची अडचण म्हणजे नावालाच ओळख मानणं. कर्जत आपल्या जिल्ह्यात आहे, तसं रायगडमध्येही आहे. डेटाबेसमध्ये नुसतं 'कर्जत' साठवलं तर पोरगा नेमका कुठला? आरटीओचं बघा. नगरची गाडी एमएच १६, श्रीरामपूरची एमएच १७. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून कुणाला नंबरप्लेट बदलावी लागली नाही. ओळखीसाठी कोड, दाखवण्यासाठी नाव. नाव उद्या पुन्हा बदलू दे, बोलताना तर आपण अजून 'नगर'च म्हणतो!

मग लिहायचं कसं? पहिलं म्हणजे, यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि हवी तिथे इम्पोर्ट करा. जावास्क्रिप्टच्या भाषेत मॉड्यूलची सोय २०१५ सालीच आली आहे. दुसरं, ड्रॉपडाऊन बनवणाऱ्या फंक्शनला आपण कुठल्या पानावर आहोत हे माहीतच नको. यादी, आधी निवडलेला तालुका आणि निवड बदलल्यावर काय करायचं, या तीन गोष्टी त्याला बाहेरून द्या. ते आतून 'तालुका१' नावाचा आयडी शोधत बसलं, तर 'कायमचा पत्ता' आणि 'सध्याचा पत्ता' एकाच फॉर्मवर आले की लगेच लंगडायला लागतं. तिसरं, ब्राउझरने आधीच दिलेलं पुन्हा लिहू नका. मेसच्या बिलात १,२५,००० असे स्वल्पविराम टाकायला वीस ओळींचं फंक्शन कशाला? ब्राउझरमधल्या इंटल नंबरफॉरमॅटला 'इंग्रजी-भारत' सांगितलं की लाखाचे स्वल्पविराम मिळतात, 'मराठी-भारत' सांगितलं की आकडेसुद्धा देवनागरीत येतात.

याचा अतिरेकही वाईट. काही जण पहिल्याच दिवशी असा ड्रॉपडाऊन बनवायला बसतात, की तो तालुके दाखवेल, तारखा दाखवेल आणि जमलं तर चहाही करेल. त्याला पंधरा सेटिंग्ज, आणि वापरणारा कुणीच नाही! माझं मत असं: एकदा लागलं तर सरळ लिहा, दुसऱ्यांदा लागलं तर सोसा, तिसऱ्यांदा लागलं की वेगळं काढा. आणि दुसऱ्याचं वापरताना ते कोण सांभाळतंय हेही बघा. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून टाकलं आणि जगभरात असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनात. कारण काय, तर शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायचं काम!

आता थोडं सरांसाठी आणि मॅडमसाठी. (रागावू नका!) ज्युनियरने सीनियरचा कंपोनंट उघडपणे, नाव सांगून वापरला तर व्हायव्हात 'रेडीमेड आणलंय' असं ऐकावं लागतं. तोच कोड चिकटवून व्हेरिएबलची नावं बदलणारा मात्र सहीसलामत सुटतो. मग पोरं लपवायलाच शिकणार ना? म्हणूनच हॉस्टेलच्या रजेचा अर्ज आणि मेसचं बिल दरवर्षी नव्याने लिहिलं जातं, आणि बॅच बाहेर पडली की ते सीडीबरोबर कपाटात जातं.

माझी सूचना एवढीच. डिपार्टमेंटने एक सामायिक फोल्डर ठेवावं. त्यात तालुक्यांचा ड्रॉपडाऊन, तारखेचा कप्पा, बिलाचा तक्ता अशा मोजक्या, तपासलेल्या वस्तू असाव्यात. प्रत्येकीसोबत वापराची पानभर माहिती आणि लिहिणाऱ्याचं नाव. व्हायव्हात 'किती पानं बनवली?' याबरोबरच 'तुझं कुणी वापरलं? तू कुणाचं दुरुस्त केलंस?' हेही विचारावं, आणि त्याला मार्क द्यावेत. मग पुढच्या बॅचला सीनियरचा पेनड्राइव्ह शोधत रात्री रूम नंबर विचारत फिरावं लागणार नाही!