दिवा, नाली आणि फुटलेले डोके

मारामारीचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण फुटलेले डोके, मोडलेला हात आणि पाठीवरचे वळ बहुधा पोलीस ठाण्याच्या आधी दवाखान्यातच येतात. तीस वर्षांच्या व्यवसायात एक गोष्ट सतत दिसली. रुग्ण बदलतात, भांडणाच्या जागा मात्र फारशा बदलत नाहीत. पाण्याचा नळ, तुंबलेली नाली, दारूच्या अड्ड्यामागची अंधारी वाट. डासांचे जसे डबके असते, तशी मारामारीचीही ठिकाणे असतात. म्हणून गरिबांची वस्ती सुधारली तर हिंसा कमी होते का, हा प्रश्न डॉक्टरलाही पडतो.

सास्तूर-किल्लारी पट्ट्यात तर गावेच्या गावे नव्याने वसली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी हलवली गेली आणि जमीन किती यावरून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. दगडमातीच्या भिंतींखालून ज्यांनी आपली माणसे काढली, त्यांच्यापुढे जुन्या वाड्यांचे गोडवे कोणी गाऊ नयेत. नवी घरे मजबूत झाली, हे मोठेच काम झाले.

परंतु जुन्या गल्लीत एक न दिसणारी राखण होती. ओसरीवर निजलेला म्हातारा खोकला, तरी पिऊन आलेल्याचा उगारलेला हात खाली येई. बाईची किंकाळी भिंतीपलीकडच्या चुलत सासूला ऐकू जाई. (ती दर वेळी सोडवायला येईच असे नाही, हेही खरे.) नव्या वसाहतींत रस्ते रुंद झाले, घरे सुटी झाली. अनेक गावांत घरांच्या आकाराप्रमाणे रांगा पडल्याने भावकी आणि जुना शेजार पांगला. मध्ये ज्या मोकळ्या जागा उरल्या, त्यांना वाली नाही. तिथे वेडी बाभूळ माजते, कचरा साठतो आणि रात्री कोण कोणाला धरून बसले आहे ते दिसत नाही.

अशा बेवारस जागांवर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एक प्रयोग झाला. औषधाची चाचणी घ्यावी तशा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जागा निवडल्या. एकूण ५४१ पडीक जागांपैकी काहींवरचा कचरा उचलला, गवत आणि थोडी झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. काही जागा तशाच ठेवल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत गरीब भागांत सुधारलेल्या जागांभोवतीचा गोळीबार सुमारे २९ टक्क्यांनी घटला. कोणाचे घर पाडले नाही, कोणाला उठवले नाही. तिथे बंदूक, आपल्याकडे काठी आणि कोयता, एवढा फरक धरूनही मला हे औषध आपल्या प्रकृतीला मानवेल असे वाटते. जागा स्वच्छ आणि उघडी झाली की माणसे तिथे बसू लागतात, पोरे खेळतात, आणि चार ओळखीच्या डोळ्यांदेखत हत्यार काढणे अवघड जाते.

दिव्याने दारू सुटत नाही, बेकारी जात नाही, हे मान्य. चार भिंतींच्या आत बायकोला मारणाऱ्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत नाही. “पडले हो” असे सांगत टाके घालून घेणाऱ्या बाईला डॉक्टरने नवऱ्याला बाहेर बसवून पुन्हा विचारलेच पाहिजे, आणि १८१ हा महिला मदत क्रमांक सांगितला पाहिजे. पण घराबाहेरच्या मारामाऱ्यांबाबत आपण उगाच हात टेकले आहेत. नवी वसाहत बांधताना कोट्यवधी खर्च होतात, उद्घाटने होतात. नंतर नाली उपसायला माणूस नसतो आणि गेलेला दिवा महिनोन्‌महिने बदलला जात नाही. वस्ती बिघडायला इथूनच सुरुवात होते.

३० सप्टेंबरला आपण मृतांना श्रद्धांजली वाहतो. लगेच दोन दिवसांनी, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिथे कोणती जागा रात्री भीतीची वाटते, हे आधी बायकांना विचारावे. त्यांनी सांगितलेल्या जागेचे नाव ठरावात लिहावे, तिथली बाभूळ कोण तोडणार आणि दिवा कोण लावणार, तेही नावानिशी लिहावे.