आधी बाटली, मग इंजेक्शन

चौथ्या दिवशीही ताप उतरत नाही. गल्लीतल्या लॅबमध्ये काचेच्या पट्टीवर सीरमचा थेंब पडतो, त्यात रंगीत अँटिजेनचा थेंब मिसळतो, पट्टी मिनिटभर हलवली की बारीक रव्यासारखे कण दिसू लागतात. ‘विडाल पॉझिटिव्ह, एकास एकशेसाठ.’ संध्याकाळी सलाईन लागतं आणि घरच्यांना हायसं वाटतं: टायफॉईड निघाला एकदाचा. माझं म्हणणं असं, की अजून काहीच निघालेलं नाही.

विडालचे पाठीराखे म्हणतात, चाचणी स्वस्त आहे, लगेच कळतं. पण कळतं काय? फेर्नाँ विडाल यांनी १८९६ साली मांडलेली ही चाचणी जंतू शोधतच नाही. शोधते ती शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं. ती तयार व्हायला आठवडाभर जातो, आणि पूर्वी कधी होऊन गेलेल्या संसर्गामुळेही ती रक्तात सापडतात. मलेरियातही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा करून टायटर, म्हणजे प्रतिद्रव्यांचं प्रमाण, चौपट वाढलेलं दिसलं, तर त्याला अर्थ आहे. पण दुसऱ्यांदा करतो कोण?

दुसरा पक्ष म्हणतो, निदान काहीही असो, भारी अँटिबायोटिक दिलं की सगळंच झाकलं जातं. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसने माणसं दगावली, ती आठवावीत. या आजाराचा जंतू आपल्या पेशींच्या आत दडतो. मेरोपेनेमसारख्या महागड्या इंजेक्शनला तो दाद देत नाही. त्याला लागते डॉक्सिसायक्लिनची स्वस्तातली कॅप्सूल. साध्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून पाहण्याच्या तपासणीतही, तो उगवत नाही. काखेत किंवा जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखा काळा व्रण कधीकधी असतो, पण तो दिसायला रुग्णाचे कपडे बाजूला करून नीट पाहावं लागतं.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: रुग्ण अत्यवस्थ असताना रिपोर्टची वाट पाहायची का? मुळीच नाही. सेप्टिक शॉकमध्ये तासाच्या आत अँटिबायोटिक गेलंच पाहिजे. पण वाट पाहणं वेगळं आणि आधी कल्चरसाठी रक्त काढून ठेवणं वेगळं. त्वचा जंतुनाशकाने पुसायची, वाळू द्यायची, पुन्हा बोट लावायचं नाही. दोन वेगळ्या जागांहून, प्रौढाचं दर बाटलीत आठ-दहा मिलीलीटर रक्त घ्यायचं. काही मिनिटांचं काम. टायफॉईडमध्ये मिलीलीटरभर रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो. दोन मिली रक्तात तो धुंडाळणं म्हणजे विहिरीतला मासा पेल्यात शोधणं.

कल्चर अचूक आहे, असा माझा दावा नाही. टायफॉईडचे कितीतरी रुग्ण त्यातूनही निसटतात, आणि औषधाचा डोस आधीच पोटात गेला असेल तर आणखी जास्त. पण जंतू उगवला, की त्याचं नाव कळतं आणि कोणतं औषध त्याच्यावर चालतं तेही. मग अंदाजाने सुरू केलेलं भारी औषध थांबवून नेमकं देता येतं. पहिला डोस अंदाजाने द्यायला माझी हरकत नाही. तो अंदाज तपासायची वाटच बुजवून टाकायला आहे.

आयसीयूच्या दाराशी उभं राहून आपण डॉक्टरांना विचारतो, ‘भारीतलं लावलंत ना?’ त्याऐवजी विचारावं: ‘लावायच्या आधी कल्चरला रक्त घेतलंत ना?’