तिसऱ्या वर्षाचा हिशोब द्या

प्रति,
कमिशन ऑन ऑस्टिओपॅथिक कॉलेज अ‍ॅक्रेडिटेशन,
शिकागो.

सन्माननीय सदस्यांस,


अमेरिकेतल्या प्रत्येक ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजला मान्यता देणं, ती चालू ठेवणं आणि वेळ आली तर काढून घेणं हे आपलं काम. माझी लेक यंदा मेडिकलचे अर्ज भरते आहे. तिच्या यादीत एम.डी. देणारी कॉलेजं आहेत, तशी डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) देणारीही आहेत. पत्र मराठीत आहे, तेव्हा ते आपल्यापैकी कुणी वाचेल अशी आशा नाही. इंग्रजी प्रत वेगळी पाठवते आहे. पण न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत कितीतरी मराठी घरांत सध्या हाच विषय चालू आहे. आपल्याकडे जे मागायचं, ते आधी आपल्या माणसांत बोलून घ्यावं म्हणून हे इथे.

आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डी.ओ. म्हणजे खरा डॉक्टरच ना गं?" लंडनचे नातेवाईक हे विचारतात तेव्हा मला राग येत नाही. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा वेगळ्या कायद्याखाली नोंदलेला व्यवसाय आहे. तो शस्त्रक्रिया करत नाही. अमेरिकेतला डी.ओ. मात्र पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतो, ऑपरेशन करतो, लष्करात डॉक्टर म्हणून जातो. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत व्हाइट हाउसचे डॉक्टर असलेले शॉन कॉनली डी.ओ. होते आणि त्यांच्यानंतर बायडन यांचे केव्हिन ओ'कॉनर हेही डी.ओ. ऑक्टोबर 2020 मध्ये ट्रम्प यांना कोविड झाला, तेव्हा कॉनली यांच्या बोलण्यातली सारवासारव पकडायची सोडून काही जण त्यांच्या डिग्रीचीच टर उडवत बसले. सारवासारव करायला कुठलीही डिग्री पुरते.

खरं आश्चर्य मला आमच्यातल्या काही पालकांचं वाटतं. नावापुढे 'एम.डी.' लागावं एवढ्यासाठी ते मुलांना कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजात घालायला तयार असतात. 2024 च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटल-प्रशिक्षणाच्या जागांच्या राष्ट्रीय वाटपात, इथल्या एम.डी. कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या 93.5 टक्के मुलांना जागा मिळाली, डी.ओ. कॉलेजांच्या 92.3 टक्के मुलांना. परदेशी कॉलेजांतून शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांना 67 टक्के. तिघांतल्या एकाला दार बंद, तरीही एम.डी. हवं! न्यूरोसर्जरी, डर्मॅटॉलॉजी, प्लास्टिक सर्जरी अशा अटीतटीच्या शाखांत डी.ओ. मुलांना आजही जड जातं, ते मी नाकारत नाही. पण ज्या मुलीला फॅमिली मेडिसिन किंवा बालरोग घ्यायचं आहे, तिला त्या भीतीपायी बेटावर कशाला धाडायचं?

हे सगळं आपल्याला सांगायला नकोच. प्रतिष्ठा ही चीज किती विचित्र असते, ते आपल्या व्यवसायाइतकं कुणी भोगलं नसेल. ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुलं 1864 मध्ये मेंदूज्वराने गेली आणि त्यांचा त्या काळच्या औषधांवरचा विश्वास उडाला. पारा आणि अफू पाजणाऱ्या त्या औषधांवर आज आपलाही बसणार नाही. 1892 मध्ये त्यांनी मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं कॉलेज काढलं आणि पहिल्याच वर्गात बायकांना घेतलं. मेडिकल कॉलेजांची पाहणी करणाऱ्या 1910 च्या फ्लेक्सनर अहवालाने ऑस्टिओपॅथिक कॉलेजांची सालपटं काढली. त्याने कितीतरी एम.डी. कॉलेजांचीही काढली होती, हे लोक विसरतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशन तर पुढेही कित्येक वर्षं या सगळ्या व्यवसायाला पंथ म्हणून हिणवत होती.

आणि मग कॅलिफोर्निया. 1962 साली तिथे डी.ओ. आणि एम.डी. डॉक्टरांच्या संघटनांचं एकीकरण झालं, तिथल्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजचं रूपांतर एम.डी. कॉलेजात झालं, आणि सुमारे 2,000 डी.ओ. डॉक्टरांना 65 डॉलर भरून एम.डी. पदवी मिळाली. काल सकाळी जो डॉक्टर दुय्यम होता तो आज बरोबरीचा. हात तेच, पेशंट तेच, दवाखाना तोच. त्याच वर्षी राज्याने नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाने देणं बंद केलं. ते पुन्हा सुरू व्हायला 1974 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ते कॉलेज आज युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, अर्व्हाइनचं मेडिकल स्कूल म्हणून ओळखलं जातं, आणि तिथे प्रवेश मिळाला तर आमच्या मंडळात पेढे वाटतात. ज्यांना 'डी.ओ.चं नाव नाही' असं वाटतं, त्यांना मी हा किस्सा सांगते. बहुतेकांना ठाऊक नसतो.

त्यामुळे डी.ओ. की एम.डी. हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. 2020 मध्ये दोन्हींच्या रेसिडेन्सीची मान्यता एका छत्राखाली आली, तेव्हाच तो बराचसा निकाली निघाला. माझा प्रश्न पुढचा आहे: कुठली डी.ओ.? आणि तिथे आपली मदत होत नाही.

कॅलिफोर्नियातलं कॉलेज गेल्यावर देशात पाचच ऑस्टिओपॅथिक कॉलेजं उरली होती. आता चाळीसहून जास्त आहेत, आणि त्यांच्या शाखा धरल्या तर साठाहून जास्त ठिकाणी वर्ग भरतात. मिशिगन स्टेटसारखं सरकारी विद्यापीठातलं कॉलेज आहे. फोर्ट वर्थचं टेक्सास कॉलेज आहे, जिथे टेक्सासच्या मुलांना फी खासगी कॉलेजांच्या मानाने फारच कमी. फ्लोरिडात किरण पटेल यांच्या देणगीतून त्यांचं नाव लागलेलं कॉलेज आहे. 2008 मध्ये कोलोरॅडोत रॉकी व्हिस्टा सुरू झालं, तेव्हा जवळपास शंभर वर्षांनी या देशात नफ्यासाठी चालणारं मेडिकल कॉलेज उघडलं होतं. ही सगळी एकाच मान्यतेखाली, आपल्या मान्यतेखाली.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांना 'नवं खासगी मेडिकल कॉलेज' म्हटलं की कान टवकारायची सवय आहे. 1983 नंतर वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. त्यातली काही आज नावारूपाला आली आहेत, पण त्या काळात तपासणीच्या दिवशी आणून बसवलेले प्रोफेसर आणि खाटांवर निजवलेले 'पेशंट' यांच्या गोष्टी आम्ही ऐकतच मोठे झालो. तिकडचा नियम असा की कॉलेजला हॉस्पिटल जोडलेलं हवं, खाटा मोजून हव्यात. नियम चांगला, पळवाटा त्याहून चांगल्या. आपल्या कमिशनची मात्र हॉस्पिटल स्वतःचं असण्याची अट नाही. हॉस्पिटलांशी करार चालतात. त्यात गैर काही नाही. हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या मालकीचंही हॉस्पिटल नाही. पण हार्वर्डची करार केलेली हॉस्पिटलं बॉस्टन आणि आसपासच आहेत आणि रेसिडेंट डॉक्टरांनी गजबजलेली आहेत. एखाद्या नव्या डी.ओ. कॉलेजची तिसऱ्या वर्षाची मुलं मात्र तीन राज्यांत विखुरलेली असू शकतात. सर्जरी एका गावात, प्रसूतिशास्त्र दुसऱ्या, आणि मेडिसिन कुणाच्या तरी खासगी दवाखान्यात, जिथे रेसिडेंट एकही नाही. राउंडवर केस कशी सांगायची, रात्रीच्या ड्यूटीत काय करायचं, हे मुलं रेसिडेंटकडूनच शिकतात. शिफारसपत्र लिहू शकणारे डॉक्टरही अशाच ठिकाणी भेटतात.

पहिली दोन वर्षं सगळीकडे साधारण सारखीच असतात. अ‍ॅनॅटॉमी तीच, व्हिडिओ तेच, प्रश्नसंच तेच. ऑस्टिओपॅथीचे हाताने करायच्या उपचारांचे दोनेकशे तास वाढीव, आणि पुष्कळ मुलांना कॉमलेक्स या डी.ओ.च्या परवाना परीक्षेबरोबर एम.डी.ची यूएसएमएलईही द्यावी लागते म्हणून प्रत्येक परीक्षेचे सातशेच्या आसपास डॉलर दोनदा. पहिल्या टप्प्याच्या दोन्ही परीक्षांचे गुण 2022 पासून गेले, फक्त पास-नापास उरलं. त्यामुळे रेसिडेन्सीवाल्यांची नजर आता दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर, शिफारसपत्रांवर आणि कॉलेजच्या नावावर जास्त जाते. म्हणजे खरी परीक्षा तिसऱ्या वर्षात. आणि तिसऱ्या वर्षाबद्दल कॉलेजच्या माहितीपत्रकात अमेरिकेचा एक नकाशा असतो, त्यावर ठिपके असतात, बाकी काही नसतं.

आपण म्हणाल, आम्ही कॉलेजांना निकाल जाहीर करायला लावतो. लावता, आणि त्याबद्दल आभार. कॉमलेक्सचे निकाल, रेसिडेन्सीत जागा मिळालेल्यांचं प्रमाण हे सगळं शोधलं तर सापडतं. मी शोधलंही. बहुतेक कॉलेजं अट्ठ्याण्णव, नव्व्याण्णव टक्के 'प्लेसमेंट' सांगतात. मग राष्ट्रीय मॅचमध्ये डी.ओ.चा आकडा 92 कसा? दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून तर ते फसवे आहेत. मॅचमध्ये जागा न मिळालेली मुलं त्याच आठवड्यात उरल्यासुरल्या जागांसाठी धावतात, आणि ज्यांना तिथे एका वर्षापुरती तात्पुरती जागा मिळते तीही 'प्लेसमेंट' ठरू शकतात. उलट मॅचचा आकडा काढताना ज्यांनी पसंतीची यादी पक्की केली तेवढेच मोजतात. जी मुलं वर्ष मागे पडली, ज्यांना परीक्षा पुन्हा द्यायला थांबवलं, जी मधेच सोडून गेली, ती दोन्ही हिशोबांत नाहीत. शंभर मुलं आत गेली, त्यांतली चार वर्षांनी किती बाहेर आली, हा साधा आकडा पालकाला चटकन मिळायला हवा. तो मिळत नाही म्हणून लोक 'नाव' विचारतात.

स्थळ बघताना घराण्याचं नाव सगळेच सांगतात. शहाणी माणसं त्या घरच्या सुनेला विचारतात. तसं मी लेकीला सांगितलं आहे की मुलाखतीला गेलीस तर डीनला फार प्रश्न विचारू नकोस, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. रोटेशनच्या (हॉस्पिटलांत फिरून शिकण्याच्या) जागा कोण ठरवतं, चिठ्ठ्या टाकतात का, जागा किती दिवस आधी कळते, घरभाडं कोण भरतं, गेल्या वर्षात एखाद्या हॉस्पिटलने करार मोडला का आणि मोडला तेव्हा कॉलेजने काय केलं. पण ज्या कॉलेजात अजून तिसरं वर्षच आलेलं नाही, तिथे कुणाला गाठायचं? आपली प्राथमिक मान्यता मिळालेली असते, इमारत नवी असते, आणि पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत पूर्ण मान्यता यायची नसते. पहिल्या तुकडीच्या मुलांनी आपल्या चार वर्षांच्या जोरावर कॉलेजचं नाव घडवायचं, असा हा व्यवहार. नवं म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. ओक्लाहोमातल्या टालेक्वा गावी चेरोकी नेशनबरोबर ओक्लाहोमा स्टेटने 2020 मध्ये कॉलेज सुरू केलं आणि 2024 मध्ये त्याची पहिली तुकडी डॉक्टर झाली. तिथे कुणासाठी डॉक्टर घडवायचे हे पक्कं होतं आणि पाठीशी सरकारी विद्यापीठ होतं. सगळ्या नव्या कॉलेजांबद्दल असं म्हणता येत नाही.

'आमची शाखा' हा आणखी एक प्रकार. जुन्या, नावाजलेल्या कॉलेजचा दुसरा-तिसरा कॅम्पस दुसऱ्या राज्यात. नाव मूळ कॉलेजचं, हॉस्पिटलं त्या गावातली. पालक मूळ नावावर भरवसा टाकतात.

यात पैशाची गोष्ट आता जास्त बोचणार आहे. 2025 च्या नव्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला 50,000 डॉलर आणि एकूण 2,00,000 डॉलर एवढंच, आणि वरचा खर्च भागवणारं ग्रॅड प्लस कर्ज बंद. कितीतरी खासगी डी.ओ. कॉलेजांची नुसती फीच वर्षाला 50,000 च्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. उरलेलं कर्ज खासगी बँकेकडून काढायचं, ज्यावर बहुधा आई-बापांची सही लागणार. ती सही करताना मला कॉलेजचा इतिहास नको आहे, पुढच्या चार वर्षांचा अंदाज हवा आहे.

तेव्हा मागणं असं. क्रमवारी लावू नका. मासिकांनी लावलेल्या क्रमवारीचं काय झालं ते 2023 मध्ये हार्वर्डने अंग काढून घेतलं तेव्हा दिसलंच. फक्त प्रत्येक कॉलेजचा, आणि शाखा असतील तर प्रत्येक शाखेचा वेगळा, एकाच नमुन्यातला तक्ता आपण स्वतः छापा. आत किती आले, चार वर्षांत किती पदवी घेऊन गेले, किती मागे राहिले, किती सोडून गेले. मॅचमध्ये पहिल्याच फेरीत किती, उरलेल्या जागांवर किती, एका वर्षाच्या तात्पुरत्या जागेवर किती. आणि तिसऱ्या वर्षाची मुलं कुठल्या हॉस्पिटलांत गेली, त्यांपैकी किती ठिकाणी रेसिडेंट होते, कॅम्पसपासून किती मैल. यातली बरीचशी माहिती कॉलेजं आपल्याला देतच असणार. कॉलेजं कुरकुर करतील, छोटी कॉलेजं जास्त करतील, म्हणतील की आमच्यावर अन्याय होतो. होऊ दे थोडा. चार लाख डॉलरची उडी घेणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला एवढं कळायला हवं.

पुढच्या वर्षीचे अर्ज मे महिन्यात उघडतील. तक्ता एप्रिलमध्ये आला तर तेव्हाच्या मुलांना उपयोगी पडेल. यंदाच्या यादीतली एक शाखा आणि एक नवं कॉलेज आम्ही आकडे न मिळाल्यामुळे काढून टाकलं आहे. त्या दोघांना पत्राची प्रत पाठवली आहे. आकडे आले तर अर्ज भरू.

आपली,
अर्ज भरणाऱ्या एका मुलीची आई,
न्यू जर्सी