आधी नकाशा, मग कंत्राटदार

अमेरिकेत घर घेतले की आपली मंडळी दोनचार वर्षांत बेसमेंट 'फिनिश' करायला काढतात, नाहीतर मागच्या अंगणात डेक बांधतात. आता त्यात आणखी एका कामाची भर पडते आहे: आईवडिलांसाठी खालच्या मजल्यावर खोली आणि बाथरूम. यातल्या प्रत्येक कामाला हजारो डॉलर लागतात. तरी बरेचजण कंत्राटदाराला बोलावून 'इथे भिंत, तिथे शॉवर' असे हातवारे करून सांगतात आणि आकडा ऐकून सही करतात. माझे स्पष्ट मत असे, की सहीपूर्वी नकाशा आपण स्वतः काढावा आणि त्यासाठी अगदी साधे सॉफ्टवेअर वापरावे.

पहिले कारण पैशाचे. तीन कंत्राटदारांना तीन वेळा तोंडी वर्णन केले, तर त्यांच्या एस्टिमेटची तुलना करता येत नाही. मापे घातलेला एकच कागद तिघांच्या हाती दिला, की कोणी काय धरले आणि काय वगळले ते लगेच दिसते. शिवाय काम सुरू झाल्यावर दार फूटभर सरकवायचे म्हटले, की 'चेंज ऑर्डर'चे वेगळे पैसे मोजावे लागतात. पडद्यावर तेच दार फुकट सरकते.

आपल्यात इंजिनियर पुष्कळ, त्यामुळे पहिली उडी ऑटोकॅडवर पडते. १९८२ सालापासूनचा हा प्रोग्राम उत्तमच आहे, पण रोज नकाशे काढणाऱ्यांसाठी. एका बाथरूमसाठी त्याची वर्गणी भरणे म्हणजे भाजी चिरायला तलवार आणणे. स्केचअपची घरगुती वापरासाठी फुकट आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. डेक किंवा जिना सर्व बाजूंनी पाहायला ती छान आहे, मात्र हात बसायला काही संध्याकाळी खर्ची पडतात. माझी पसंती स्वीट होम थ्रीडीला. तेही फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. वर भिंती काढाव्यात, खाली घर उभे राहिलेले दिसते. बिल्डरने दिलेला जुना नकाशा स्कॅन करून त्याखाली ठेवता येतो आणि एका भिंतीची खरी लांबी सांगितली, की प्रमाण जुळते. ज्यांना हेही नको, त्यांनी आलेखाचा कागद घ्यावा. पाव इंच म्हणजे एक फूट.

सॉफ्टवेअर निवडताना रंगीत सोफे किती आहेत ते पाहू नका. फूट-इंचात मापे देता येतात का, भिंतीची जाडी बदलता येते का आणि प्रमाणात छापता येते का, हे तीनच प्रश्न विचारा. जाडीचे महत्त्व मोठे आहे. ज्याला आपण 'टू बाय फोर' म्हणतो ते लाकूड प्रत्यक्षात साडेतीन इंच भरते. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल लावला की भिंत साडेचार इंचांची होते. लहान बाथरूममध्ये एवढ्यानेही गणित बिघडते, कारण कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच आणि समोर २१ इंच मोकळे ठेवण्याचा सर्वसाधारण नियम आहे.

आईवडिलांची खोली असेल तर नियमाच्याही पुढे जावे. दार ३६ इंची ठेवा. व्हीलचेअर वळायला पाच फूट व्यासाचे वर्तुळ लागते; ते नकाशावर काढून पाहा. आज दोघेही ठणठणीत असतील, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन याच दारातून जायचे आहे. आंघोळीच्या जागी आधाराचा दांडा कुठे येणार ते आधी ठरले, तर भिंत बंद होण्यापूर्वी आत लाकूड ठोकून घेता येते. नंतर तेच काम टाइल फोडून करावे लागते.

बेसमेंटमध्ये कोणी झोपणार असेल, तर आगीच्या वेळी बाहेर पडण्याजोगी खिडकी हवीच. बहुतेक ठिकाणी तिची मोकळी जागा ५.७ चौरस फूट, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत असावी लागते. रुंदी किमान २० इंच आणि उंची किमान २४ इंच असा नियम आहे, पण दोन्ही किमान मापे धरून खिडकी घेतली तर ती साडेतीन चौरस फूटही भरत नाही! हा हिशोब एस्टिमेट मागवण्यापूर्वीच करायला हवा, कारण काँक्रीटची भिंत कापणे स्वस्त नसते.

अर्थात, आपला नकाशा म्हणजे इंजिनियरचा शिक्का नव्हे. कुठली भिंत वरचा भार पेलते, हे कोणतेही साधे सॉफ्टवेअर सांगत नाही. अशी भिंत काढायची असेल तर जाणकाराची फी जरूर द्या. परमिटचे नियम गावागणिक बदलतात, म्हणून स्थानिक बिल्डिंग डिपार्टमेंटला आधी फोन करा. डेकसाठी खणण्यापूर्वी काही दिवस ८११ ला कळवा. जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनींच्या खुणा फुकट करून मिळतात.

तेव्हा या शनिवारी मोजपट्टी घेऊन खोली मोजा, रविवारी नकाशा काढा, आणि घरातल्या ज्येष्ठांना दाखवून मगच कंत्राटदाराला फोन करा.