आधी बांबू द्या, मग डिझाइन शिकवा



सरकारला आता नवा शोध लागलाय. आपल्या टोपल्यांना गिऱ्हाईक नाही, कारण म्हणे आपल्याला डिझाइन येत नाही. म्हणून पाड्यापाड्यावर डिझाइनची शिबिरं. शहरातून शिकलेली मुलं-मुली येतात, काही दिवस राहतात, बांबूच्या, घायपाताच्या, केळीच्या धाग्याच्या वस्तू करायला शिकवतात. भत्ता मिळतो, जेवण मिळतं, शेवटच्या दिवशी साहेब येतात, सर्टिफिकेट देतात, फोटो निघतो. आंबेडकर हस्तशिल्प विकास योजना 2001-02 पासून चालू आहे, राष्ट्रीय बांबू मिशन 2006-07 पासून. पैसा मंजूर होतो, खर्चही पडतो. येणाऱ्या पोरांवर आमचा राग नाही. ती मनानं चांगली असतात, आपल्या चुलीशी बसून भाकर खातात. राग आहे तो त्यांना पाठवणाऱ्यांवर.

एक साधी गोष्ट विचारा. शिबिरात जो बांबू फोडतात तो येतो कुठून? आमच्या भागातल्या एका शिबिराला तो विक्री आगारातून टेम्पोनं आला. तोडून किती महिने झाले होते देव जाणे, वाळून काठी झालेला. जन्मभर बांबू फोडणाऱ्या बायांनी हात लावल्या लावल्या सांगितलं, हा चालायचा नाही. तरी पाण्यात भिजत घातला, तरी निम्म्या कामट्या वाकवताना मोडल्या. आणि उणीव कुणाची धरली? बायांची! शहाण्याला सांगायला नको, पण सायबाला सांगावं लागतं, म्हणून लिहितो: टोपलीचा बांबू ओला लागतो. तोडला की चार-आठ दिवसांत फोडावा लागतो. एक वर्षाचा कोवळा घेतला तर त्याला कीड लागून भुसा पडतो, फार जून घेतला तर कामटी निघत नाही. कुठल्या बेटातला कुठला घ्यायचा हे जाग्यावर उभं राहून, ठोकून बघून ठरतं. सुपाला वेगळा, कणगीला वेगळा. मानवेल वेगळा, कळक वेगळा. बांबू निवडणं हेच आपल्या डिझाइनचं पहिलं पाऊल आहे, आणि नेमकं तेच पाऊल टाकायला गेलो की गार्ड कोयता काढून घेतो.

म्हणजे सरकारचा एक हात डिझाइन शिकवतो आणि दुसरा हात बांबूची मोळी जप्त करतो.

1927 च्या वन कायद्यानं बांबूला झाड ठरवून टाकलं होतं, ते 2017 पर्यंत तसंच होतं. शाळेतलं पोरगंही सांगेल की बांबू गवताच्या जातीचा, पण इंग्रजाला लाकूड-डेपोचा हिशोब महत्त्वाचा होता, आणि आपल्या खात्यालाही तोच आवडतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं हे उलटवलं. त्यात गौण वनोपजात बांबू नाव घेऊन लिहिलाय, आणि कलम 3 प्रमाणे तो गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आपला, मालकी आपली. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना खातं देईना. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका परवान्यासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागतो! आपल्या पाड्यावर कोण मंत्री येणार?

आता त्याचीही गरज राहिली नाही. 6 सप्टेंबर 2012 ला कायद्याचे नियम सुधारले. त्यात स्वच्छ लिहिलंय की वनोपज विकणं, साठवणं, त्याच्या वस्तू करणं, जंगलाबाहेर वाहून नेणं हे सगळं हक्कात येतं. परवाना ग्रामसभेनं नेमलेली समिती देणार. रॉयल्टी नाही, फी नाही. हा कागद शिबिरात कुणी वाचून दाखवला का? पुस्तिका वाटतात गुळगुळीत कागदाची, रंगीत फोटोंची, पण त्यात ही चार ओळींची गोष्ट नसते.

कारखान्यांना मात्र बांबू कधी कमी पडला नाही. कर्नाटकात कारवारकडे कागद कारखान्याला टनाला 1.50 रुपये भावानं सरकारनं बांबू दिला, हे माधव गाडगीळांनी लिहून ठेवलंय. तिथल्या बुरुडांना तोच बांबू बाजारातून कितीतरी पट भावानं घ्यावा लागे. कारखान्याला कुणी म्हटलं नाही की आधी डिझाइन शिका, मग माल देतो.

आता डिझाइनचं बोलू. आपल्याला येत नाही म्हणतात ना? इरलं बघा. लावणीत बाई कमरेत वाकलेली असते, दोन्ही हात चिखलात. छत्री धरायची कुठल्या हातानं? इरलं पाठीवर बसतं, वाकलेल्या अंगाला बरोबर झाकतं, हात मोकळे. रोवळीतून पाणी जातं, तांदूळ राहतो. सुपाची वीण एवढी घट्ट की नाचणीचा दाणा गळत नाही, आणि वजन एवढं कमी की दिवसभर पाखडलं तरी मनगट दुखत नाही. हे कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं. शिबिरात शिकवतात पेन ठेवायचा डबा, दिव्याची टोपी, बुके ठेवायची परडी. आपल्या बाजारात ते घेणार कोण? मग नमुने शहरातल्या प्रदर्शनात जातात, एखादी ऑर्डर येते, ती पुरी करायला बांबू नसतो, भांडवल नसतं, व्यापारी दुसरीकडे जातो.

डिझाइनवाले सगळेच असे नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या एम. पी. रंजन आणि सोबत्यांनी 1986 मध्ये ईशान्येकडच्या बांबू-वेताच्या कामावर मोठा ग्रंथ काढला. गावोगाव जाऊन, टोपलीचं बूड चौकोनी आणि तोंड गोल कसं होतं, कुठं वीण बदलते, कुठं जोर येतो, हे मोजून मांडलं. ते आधी शिकले. अशी माणसं आली तर आपण अंगणात खाट टाकू. कीड लागू नये म्हणून काय करायचं, फोडायचं हत्यार हलकं कसं करायचं, भाजीबाजारात प्लास्टिकच्या क्रेटशी टक्कर देईल असा हारा कसा करायचा, हे शोधायला आपल्यालाही मदत हवीय. नको कोण म्हणतंय?

पण आणखी एक ध्यानात ठेवा, बायांनो विशेषकरून. शिबिरात तुमच्या हातून जो नवा नमुना होतो तो कुणाचा? 2000 च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नवा आकार नोंदवता येतो, नोंदवला की दहा वर्षं दुसऱ्याला त्याची नक्कल विकता येत नाही, पुढं आणखी पाच वर्षं वाढवून मिळतात. मालक कोण? ज्यानं काढला तो. पण पैसे देऊन दुसऱ्यानं काढून घेतला असेल, तर पैसे देणारा. मग भत्ता घेऊन केलेल्या परडीवर उद्या कुणी हक्क सांगितला तर? आपली जुनी टोपली कुणाला नोंदवता येणार नाही, कारण कायद्याला नवा आकार लागतो. पण तिचं तोंड थोडं वळवून, कान लावून कुणीही नवा म्हणून नोंदवू शकतो. म्हणून अंगठा द्यायच्या आधी कागद मोठ्यानं वाचून घ्या.

आणि गिऱ्हाईकाचं म्हणाल तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. वनखात्याच्या रोपवाटिकेत रोपं कशात असतात? प्लास्टिकच्या पिशवीत. आश्रमशाळेतला, अंगणवाडीतला केराचा डबा कशाचा? जंगल वाचवायला निघालेल्या खात्याला जंगलातली टोपली चालत नाही! एका तालुक्यातल्या शाळा-अंगणवाड्यांनी सुपं, टोपल्या, झाडू गावातून घ्यायचं ठरवलं तर शंभर शिबिरांचं काम होईल. त्याला डिझायनर लागत नाही, एक सहीचा आदेश लागतो.

तेव्हा शिबिराची चिठ्ठी आली की तिथंच हो म्हणू नका. ग्रामसभेत ठेवा. बांबू आपल्या जंगलातला, आपण निवडून तोडलेला, ग्रामसभेच्या परवान्यावर येणार असेल तरच शिबीर, असा ठराव लिहा. नमुन्याची मालकी करणाऱ्यांची आणि गावाची, हेही त्याच ठरावात घाला. पोच घ्या, शिक्का मारून घ्या. ज्या गावांचे सामूहिक दावे अजून गेले नाहीत त्यांनी नमुना ब आणि नमुना क भरायला घ्या. क हा 2012 च्या सुधारणेत आलाय, संपूर्ण सामूहिक वनक्षेत्रासाठी. हद्दीचा कच्चा नकाशा, म्हाताऱ्यांचे जबाब, निस्तारपत्रक असेल तर त्याची नक्कल, आणि घरातली जुनी सुपं-कणग्यासुद्धा पडताळणीच्या दिवशी दाखवायला ठेवा. फॉर्म संघटनेच्या कार्यालयात आहेत. येताना गावचे दोघंतिघं या, त्यात एक तरी टोपली विणणारी बाई असू द्या, कारण बेटं कुठं कुठं आहेत ते तिलाच नेमकं ठाऊक असतं.