चोरवाट एकाची, भुर्दंड सर्वांचा

कार्यालयीन संगणकांवर घातले जाणारे निर्बंध आणि ते चुकविण्याची कर्मचारी वर्गात रूढ होत चाललेली पद्धत, हा विषय वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो शिस्तीचा आणि सार्वजनिक खर्चाचा विषय आहे. तहसील कचेरी असो, बँकेची शाखा असो की महाविद्यालय असो, संगणकांचे जाळे आले की त्याबरोबर काही संकेतस्थळे बंद होतात, काही साधनांना मनाई होते. मग एखादा कर्मचारी स्वतःचा मोबाईल संगणकास जोडून कार्यालयाच्या जाळ्याबाहेरून काम उरकतो. दुसरा एखादे फुकटचे ‘व्हीपीएन’ उतरवून घेतो. म्हणजे आपली सारी देवाणघेवाण कार्यालयाच्या पहाऱ्याच्या दृष्टीआड, एका परक्या यंत्रामार्फत नेण्याची सोय करतो. काम होते, कोणाचे काही बिघडल्याचे दिसत नाही, आणि अपवाद म्हणून सुरू झालेली गोष्ट नित्याची होऊन बसते.

शासनाला याची जाणीव नाही असे नव्हे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनी त्रयस्थ व्हीपीएन, गूगल ड्राइव्ह व ड्रॉपबॉक्स यांसारखी खासगी साठवण, एनीडेस्क व टीमव्ह्यूअर यांसारखी दूरनियंत्रणाची साधने आणि कागदपत्रे टिपणारी परकी मोबाईल अ‍ॅप्स यांना मनाई केली. २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने कार्यालयीन संगणकांवर वापरू नयेत असे बजावले. परंतु मनाईने गरज नाहीशी होत नाही. वरिष्ठ कार्यालयाकडून ‘आजच माहिती पाठवा’ असा तगादा येतो. कार्यालयीन टपालातून मोठी फाईल जात नाही. अध्यापनासाठी हवी असलेली चित्रफीत बंद यादीत असते. अशा वेळी चोरवाट धरणारा प्रत्येक जण कामचुकार असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा तो काम वेळेवर व्हावे म्हणूनच नियम मोडतो. खरी अडचण येथेच आहे.

निर्बंध आणि चोरवाट यांचे नाते बुलढाणा जिल्ह्याला नवे नाही. १९७१ च्या अधिनियमान्वये १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस शासनाच्या खरेदी केंद्रावरच घालावा, तो राज्याबाहेर नेऊ नये, असा दंडक होता. जळगाव जामोदच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशाची हद्द लागते. ज्या वर्षी बाहेरचा भाव चढा असे त्या वर्षी कापूस सीमेपलीकडे जाई; ज्या वर्षी शासनाचा भाव चढा असे त्या वर्षी बाहेरचा कापूस आत येई. नाके बसविले, पहारे ठेवले, तरी गळती पुरती थांबली नाही, कारण तिचे मूळ दोन बाजूंच्या भावांतील तफावतीत होते. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात ही मक्तेदारीच उठली. गरज आणि नियम यांत अंतर पडले की केवळ पहाऱ्याने ते भरून निघत नाही, हा त्या अनुभवाचा एक धडा होय.

मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. सीमेपार गेलेल्या कापसाच्या गाडीतून परका माणूस शेतकऱ्याच्या घरात शिरत नसे. संगणकाच्या जाळ्यात पाडलेले भगदाड दुतर्फी असते; ज्या वाटेने आपण बाहेर पडतो त्याच वाटेने दुसरा आत येऊ शकतो. शिवाय फुकट मिळणाऱ्या सेवेची किंमत कोणी तरी मोजत असतोच. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस-५’ नावाचे एक गुन्हेगारी जाळे मोडून काढल्याचे जाहीर केले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकटची साधने लोकांनी आपखुशीने उतरवून घेतली होती. त्यांच्या आडून १९० हून अधिक देशांतील सुमारे १ कोटी ९० लाख इंटरनेट पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. कृत्य भलत्याचे आणि पत्ता मात्र बेसावध वापरकर्त्याचा, असा तो प्रकार होता. असे साधन घरच्या संगणकावर असले तर धोका एका कुटुंबाचा; ते कार्यालयाच्या संगणकावर असले तर त्या जाळ्यात नोंद असलेल्या प्रत्येक नागरिकाचा.

जोडलेल्या जाळ्यांत हानी किती दूरवर पसरते याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. विषाणू पसरला होता युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीतून. कंटेनर खोळंबले रायगड जिल्ह्यात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये पळविण्यात आले. तेथे बँकेच्या खऱ्या यंत्रणेला वळसा घालून एका बनावट यंत्रणेने एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी दिली होती. या दोन्ही घटना कोणा कारकुनाच्या व्हीपीएनमुळे घडल्या असे नाही, आणि तसे सुचविणेही गैर ठरेल. त्यांतून दिसते ते एवढेच की, जाळ्याला एका ठिकाणी पडलेले छिद्र कोठे आणि कोणाला महागात पडेल हे छिद्र पाडणाऱ्यास कळत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब चुकतो. अर्ध्या तासाची बचत त्याच्या पदरात लगेच पडते. संभाव्य हानी मात्र असंख्य लोकांत वाटली जाते, आणि आपल्या वाट्याचा भाग त्याला नगण्य वाटतो. लाभ खासगी आणि व्यय सार्वजनिक, अशी ही स्थिती आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. भारतात व्हीपीएन वापरणे हा मुळात गुन्हा नाही. परंतु मालकाच्या अनुमतीवाचून त्याच्या संगणकात वा जाळ्यात प्रवेश करणे किंवा त्यात विषाणू शिरविणे, यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईची जबाबदारी येते; हेच कृत्य लबाडीने वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिस्तभंगाची कारवाई निराळीच. आणि अशी कारवाई झाली तर तिचा पहिला घाव बहुधा सर्वांत खालच्या पायरीवर पडतो. ज्या वरिष्ठाने ‘कसेही करून पाठव’ असे तोंडी सांगितले त्याचे नाव कागदावर नसते; ज्याच्या टेबलावरील संगणक तपासला जातो त्या लिपिकाचे असते.

यावर उपाय पहाऱ्याचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. काय बंद आहे आणि का बंद आहे हे कर्मचाऱ्यांस लेखी कळले पाहिजे. बंद साधनाची खरोखर गरज भासल्यास अर्ज कोणाकडे करावा आणि उत्तर किती दिवसांत मिळावे हे ठरलेले असावे. अध्यापनासाठी व शोधासाठी कार्यालयाच्या मुख्य जाळ्याशी संबंध नसलेला एखादा स्वतंत्र संगणक ठेवणे लहान महाविद्यालयासही परवडण्याजोगे आहे. मोठी फाईल पाठविण्याची अधिकृत सोय असेल तर खासगी साठवणीचा मोह आपोआप कमी होईल. आणि ज्याच्या हातून चूक घडली त्याने ती तत्काळ सांगितल्यास त्याला सौम्यपणे वागवावे. कारण भीतीपोटी दडविलेली चूक उघड केलेल्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते.

कर्मचाऱ्यांचे कर्तव्य यामुळे कमी होत नाही. नियम अडचणीचा आहे म्हणून त्याविरुद्ध लेखी तक्रार करण्याचा अधिकार त्यांना आहे. तो गुपचूप मोडण्याचा नाही. कार्यालयातील माहिती ही ना अधिकाऱ्याची मिळकत असते ना कारकुनाची. मोताळ्याच्या शेतकऱ्याचा सातबारा, मेहकरच्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका, खामगावच्या निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनची नोंद ही त्या-त्या माणसाने विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. चोरवाट धरताना त्याची संमती कोणी घेत नाही, आणि ठेव गेली तर ती भरून देण्याची ऐपत चोरवाट धरणाऱ्याजवळ नसते.